शोध्याची तक्रार

आमच्या ऑफिसात खरं बोलणारा एकच होता, आणि त्याचं तोंड मी बंद केलं. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. पुढे मी बऱ्याच जणांची टिंगल करणार आहे, तेव्हा त्या रांगेत पहिला मीच उभा आहे हे लक्षात असू द्या.

त्याला आम्ही शोध्या म्हणायचो. शोध्या माणूस नाही, प्रोग्राम आहे. वेबसाइटचं कुठलंही पेज घ्या. त्यावरचं प्रत्येक बटण, प्रत्येक रकाना, प्रत्येक चित्र म्हणजे एक घटक, आणि प्रत्येक घटकाला आतल्या बाजूने एक पत्ता असतो. तो तुम्हाआम्हाला दिसत नाही. शोध्याला पत्ता द्यायचा आणि काम सांगायचं: जा, हे बटण शोध, दाब आणि पुढे काय होतं ते बघून ये. तो आपला आपण ब्राउझर उघडतो, शोधतो, दाबतो, परत येतो. काम झालं तर भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर एक हिरवा चौकोन. नाही झालं तर लाल चौकोन आणि खाली एका ओळीत कारण. असे आमचे चार हजार चौकोन होते, आणि ते सांभाळणं ही माझी नोकरी होती.

शोध्याला एक खोड होती. बटण सापडलं म्हणून तो लगेच दाबायचा नाही. आधी बघायचा, हे माणसाला दाबता येईल का? दिसतंय का? त्याच्यावर दुसरंच काही येऊन बसलेलं नाही ना? बसलं असेल तर साफ नकार द्यायचा आणि लिहायचा, ‘घटक सापडला, पण तो दुसऱ्या घटकाखाली झाकला गेला आहे.’ बस्स. आवाज चढवणं नाही, टोमणा नाही, ‘मी तर आधीच म्हणालो होतो’ नाही. मीटिंगमध्ये इतकं सरळ बोलणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मीटिंगमध्ये बोलायचे ते साहेब. साहेब म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख. त्यांनी जन्मात एकही टेस्ट, म्हणजे शोध्याला सांगायची तपासणी, लिहिली नव्हती, पण रंग मात्र त्यांना उत्तम ओळखता यायचे. सकाळी आले की बॅग खाली ठेवायच्या आधी भिंतीकडे बघायचे. सगळं हिरवं असलं की चहा मागवायचे आणि एखादा जरी लाल दिसला तरी मला. दुसरा रंगारी. पेज कसं दिसावं हे ठरवणाऱ्या गृहस्थाला आम्ही रंगारी म्हणायचो. तो बारा महिने काळे कपडे घालायचा आणि बटणांविषयी आजारी माणसाच्या खोलीत बोलावं तितक्या हळू आवाजात बोलायचा.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं डोळ्यांचं एक हॉस्पिटल. ऑपरेशनसाठी लोक नाव नोंदवत, मग महिनोन्‌महिने वाट बघत, आणि एक दिवस फोनवर मेसेज येई: तुमची तारीख अमुक अमुक. सात दिवसांत आमच्या पेजवर जाऊन ‘तारीख पक्की करा’ हे बटण दाबायचं. नाही दाबलं तर यादीतून नाव कमी, शेरा ‘प्रतिसाद नाही’, आणि पुन्हा शेपटापासून सुरुवात. चौकशीला फोन केला तर रेकॉर्ड केलेली बाई फार गोड आवाजात सांगायची, की कृपया वेबसाइटला भेट द्या. या लोकांना धड दिसत नाही म्हणूनच ते तिथे आलेले असतात, हे कुणाच्या तरी लक्षात आलं असावं, कारण करारात एक कलम होतं: फोनवर अक्षरं सगळ्यात मोठी केलेली असतानाही पेज तपासून घ्यावं. म्हणून शोध्या मोठ्या अक्षरांतही सगळ्या फेऱ्या मारायचा.

आणि मग बॅनर आला.

हॉस्पिटलच्या प्रसिद्धी विभागाने तो लिहिला होता. ‘आपली सोय हेच आमचं ध्येय’ अशी सुरुवात, आणि पुढे आपला अनुभव अधिकाधिक सुखद व्हावा म्हणून आम्ही काय काय करतो याचं पुराण. तो पेजच्या तळाला चिकटून बसायचा आणि काही केल्या हलायचा नाही. साध्या अक्षरांत दोन ओळींचा होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. अक्षरं मोठी केली की तोच अकरा ओळींचा व्हायचा. त्या अकरा ओळींखाली ‘तारीख पक्की करा’ हे बटण अख्खं गडप झालं, आणि बॅनर बंद करायची फुली तर स्क्रीनच्या बाहेरच गेली. शोध्या गेला, बघितलं, परत आला. भिंतीवर एकदम तीनशे बारा लाल चौकोन.

तो शुक्रवार होता. दुपारी चारला हॉस्पिटलची मंडळी भेटीला यायची होती.

“हे हिरवं व्हायला किती वेळ लागेल?” साहेबांनी विचारलं.

“पेज दुरुस्त करावं लागेल, साहेब. बॅनर जरा वर घेतला, नाहीतर खाली थोडी जागा सोडून बटण वर सरकू दिलं तरी चालेल.”

रंगाऱ्याने डोळे मिटले. “खाली जागा सोडली तर पेजचा श्वास अडकतो,” तो म्हणाला.

“आणि बॅनरला त्यांच्याकडच्या तीन सह्या आहेत,” साहेब म्हणाले. “तो आपल्याला हलवता येत नाही. तुझ्या टेस्टला किती सह्या लागतात?”

“एकही नाही.”

“मग?”

या ‘मग’ला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते द्यायला लागणारा कणा मी त्या दिवशी घरी विसरलो होतो. शोध्याला एक जादाचा शब्द सांगता येतो: जबरदस्तीने. तो घातला की शोध्या वर काय आहे, खाली काय आहे, माणसाला दिसतंय का, यातलं काही बघत नाही. पत्ता सापडला की दाबतो. मी तो शब्द तीनशे बारा ठिकाणी घातला. एकेक करून नव्हे, मुळाशी एकाच जागी लिहिला की सगळीकडे लागू होतो. सव्वातीनला भिंत हिरवीगार झाली.

चारला पाहुणे आले, भिंत बघून खूश झाले, बिस्किटं खाऊन गेले. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली आणि पुढच्या आठवड्यात मला ‘संकटमोचक’ असं छापलेलं एक प्रशस्तिपत्र मिळालं. मी ते माझ्या टेबलामागे चिकटवलं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता.

आता मावशीकडे वळतो. मला वाढवलं ते मावशीने, आणि मावशीला पोसलं ते घड्याळांनी. एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली तिचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, एक काचेचं टेबल, एक दिवा, मागे खणांची भिंत आणि मध्ये मावशी. गिऱ्हाइकाला उभं राहायचं तर जिन्यावरून उतरणाऱ्यांनी अंग चोरून जावं लागतं. बायकांची नखाएवढी घड्याळं, जी इतर दुकानदार ‘नवीन घ्या’ म्हणून परत करतात, ती मावशी उघडायची. उजव्या डोळ्याला भिंग लावायचं, श्वास रोखायचा आणि केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने जागेवर बसवायची. तोंडाने मात्र त्या घड्याळाच्या आधीच्या कारागिराचा उद्धार चालू असायचा.

गेल्या वर्षापासून तिचे दोन्ही डोळे धूसर व्हायला लागले. मोतीबिंदू. आधी तिने दिवा बदलला, मग भिंग बदललं, मग गिऱ्हाइकांना सांगायला लागली, की लहान घड्याळं सध्या बंद. नुसते पट्टे आणि सेल. चाळीस वर्षं यंत्रात हात घालणारी बाई पट्टे बदलत बसली होती. हॉस्पिटलात नाव नोंदवून सात महिने झाले, तेव्हा कुठे उजव्या डोळ्याच्या तारखेचा मेसेज आला. डावा त्यानंतर चार महिन्यांनी, असं ठरलं होतं.

दोन दिवसांनी, मी जेवायला बसणार तेवढ्यात तिचा फोन.

“अरे शहाण्या, तुझ्या त्या पेजवर बटण कुठाय?”

“खाली, मावशी. तारखेच्या खाली. ‘तारीख पक्की करा’ लिहिलंय बघ.”

“तारीख दिसतेय. तिच्याखाली कसलं तरी सोयीचं पुराण लावलंय. बटण नाही.”

मी माझ्या फोनवर पेज उघडलं. “हे काय, माझ्यासमोर आहे. चांगलं निळंशार, अंगठ्याएवढं.”

“माझ्यासमोर नाही.”

“अगं, हे पेज आम्ही रोज चार हजार वेळा तपासतो. सगळं हिरवं आहे. मोतीबिंदू कुणाला झालाय, तुला की पेजला?”

मी हसलो. ती हसली नाही. मग म्हणाली, “हो रे, तेही आहेच,” आणि फोन ठेवला. मी डबा उघडला. शपथेवर सांगतो, ते तीनशे बारा लाल चौकोन मला आठवलेसुद्धा नाहीत. त्याला चार महिने होऊन गेले होते आणि भिंत तेव्हापासून रोज हिरवी होती.

सातव्या दिवशी, गुरुवारी, कामासाठी त्या बाजूला गेलो होतो म्हणून दुकानात डोकावलो. चार वाजून गेले होते. मावशी तिची भिंगं एकेक करून पुसत होती आणि जुन्या चष्म्याच्या डबीत ठेवत होती. पाच होती. सगळ्यात छोटं तिने तिच्या पहिल्या मालकाकडून हट्टाने मागून घेतलं होतं, ते तिने आधीच कापसात गुंडाळलं होतं.

“हे काय चाललंय?”

“आवराआवर. समोरच्या गल्लीतला तो दुसरा घड्याळवाला मागतोय. त्याला देऊन टाकते. पट्टे बदलायला भिंग कशाला लागतंय?”

“आणि ऑपरेशन?”

“ते बटण काही सापडलं नाही.” ती अगदी सहज म्हणाली. “रोज बघितलं. सकाळी उजेडात बघितलं, दिव्याखाली बघितलं, भिंग लावून बघितलं. शेजारणीला विचारायला गेले, तर तिचे डोळे माझ्याहून गेलेले. तू म्हणालास ते खरंय. डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्यायचं तर आधी चांगले डोळे लागतात, हे मला माहीत नव्हतं.”

मी तिचा फोन हातात घेतला. तिने अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवली होती. वर तिचं नाव, खाली तारीख, आणि तारखेपासून पार तळापर्यंत: आपली सोय हेच आमचं ध्येय.

मी बोटाने पेज वर सरकवलं, खाली सरकवलं, फोन आडवा केला. बॅनर ढिम्म. शोध्याचं ते एका ओळीचं म्हणणं शब्दन्‌शब्द आठवलं. चार महिन्यांपूर्वी त्याने मला सांगितलं होतं, की मावशीला हे बटण दिसणार नाही. तीनशे बारा वेळा सांगितलं होतं. मी त्याला म्हटलं होतं, दाब मुकाट्याने.

मी फोनची अक्षरं बारीक केली. बॅनर दोन ओळींचा झाला, आणि त्याच्यावर ते निळंशार बटण होतं, जिथल्या तिथे. मी ते दाबलं. चार वाजून वीस मिनिटं झाली होती. पाचला मुदत संपत होती.

“झालं,” मी म्हणालो.

“कुठं होतं रे?”

इथे मला तोंड होतं, जीभ होती, आणि मावशीशिवाय ऐकायला कुणी नव्हतं. “खालीच होतं,” मी म्हणालो.

“म्हणजे डोळेच,” मावशी म्हणाली, आणि भिंगांची डबी परत खणात ठेवली.

शुक्रवारी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. सगळं सांगितलं. अक्षरं मोठी असतील तर बटण झाकलं जातं, भिंत खोटी हिरवी आहे, ती मीच खोटी केलीय. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि खणातून एक कागद काढला. हॉस्पिटलचं पत्र होतं. नवं पेज आल्यापासून प्रतीक्षायादी एक तृतीयांशाने कमी झाली, त्याबद्दल आमच्या कंपनीचं मनःपूर्वक अभिनंदन.

“कमी कशी झाली, साहेब? त्यांना बटण सापडलं नाही म्हणून त्यांची नावं गळाली.”

“असं पत्रात कुठं लिहिलंय?”

“लिहिलेलं नाही, पण…”

“ज्याला खरी गरज असते तो बटण शोधतोच,” साहेब म्हणाले. “तुझ्या मावशींचं झालं ना? मग झालं तर.”

मावशीचं झालं होतं. आणि मी माझ्या जागेवर येऊन बसलो. मागे भिंतीवर ‘संकटमोचक’ होतंच.

ऑपरेशनच्या दिवशी मी मावशीला घेऊन गेलो. हॉस्पिटल चकाचक होतं. बाहेरच्या दालनात पन्नास खुर्च्या आणि माणसं आम्ही धरून सहा. आत आठ खाटांच्या खोलीत तीन पेशंट. नर्स गप्पिष्ट होती. मावशीच्या डोळ्यात थेंब घालता घालता म्हणाली, “पूर्वी इथे उभं राहायला जागा नसायची, आजी. हल्ली लोक येतच नाहीत. सगळ्यांचे डोळे एकदम सुधारले की काय, देव जाणे.”

“पाच खाटा रिकाम्या,” मावशी म्हणाली. तिला घड्याळातले दात मोजायची सवय, ती दिसेल ते मोजते. मी छताकडे बघत होतो.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी उजवा डोळा पास केला. मावशीने दुसऱ्याच दिवशी दुकान उघडलं आणि एक लहान घड्याळ पुढ्यात घेतलं. संध्याकाळी मी गेलो तर ते टेबलावर चालू होतं आणि मावशीचा चेहरा कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता इतका मोकळा होता. आधीच्या कारागिराच्या सात पिढ्यांचा तिने हिशोब लावला. मग चिमटा खाली ठेवून म्हणाली, “आता दाखव ते बटण.”

“कसलं बटण?”

“तुझं. मला बघायचंय. इतकं कसं दिसलं नाही मला.”

फोनची अक्षरं तिने पुन्हा मोठी करून घेतली होती; सवयच ती. मी काही बोलायच्या आत तिने ते पेज उघडलं. बघितलं. फोन दिव्याखाली धरला. मग, हसू नका, उजव्या डोळ्याला भिंग लावून तिने ते पेज वरपासून खालपर्यंत तपासलं, एखादं बंद पडलेलं घड्याळ तपासावं तसं. भिंग काढलं.

“नाही,” ती म्हणाली. “इथे बटण नाही.”

“त्या सोयीच्या पुराणाखाली आहे. झाकलं गेलंय.”

“हे तुला कधी कळलं?”

“त्या गुरुवारी. तुझा फोन हातात घेतला तेव्हा.” मग म्हटलं, आता पुरं करून टाकावं. “आणि त्याच्या चार महिने आधी. आमचं यंत्र सांगत होतं. मी त्याला गप्प केलं.”

मावशी चिडेल असं मला वाटलं होतं. चिडली असती तर बरं झालं असतं. तिने भिंग पुसून डबीत ठेवलं. वरून कुणी तरी उतरलं, अंग चोरून गेलं.

“एक महिनाभर मी स्वतःला आंधळी समजत होते,” ती म्हणाली. “तू समजू दिलंस. आणि त्या पाच खाटा?”

मी टेबलावरचा चिमटा उगाच सरळ केला.

“त्या खाटांवरच्यांना भाचा नव्हता, एवढंच ना?” तिने घड्याळ उचलून कानाला लावलं, ठेवलं. “आता ऐक. डाव्या डोळ्याचा मेसेज आला की तू इकडे फिरकायचं नाहीस. अक्षरं बारीक करायला येऊ नकोस. मी माझ्या फोनवर, माझ्या अक्षरांत, माझ्या बोटाने बटण दाबणार. दिसलं तर दाबीन. नाही दिसलं तर राहू दे डावा. नाही तरी भिंग एकाच डोळ्याला लावते मी.”

मावशी एकदा म्हणाली की म्हणाली. तिने एका घड्याळ कंपनीच्या एजंटाशी अठरा वर्षं अबोला धरलाय, तेसुद्धा एका पट्ट्यावरून.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचलो आणि तो एक शब्द खोडला. शोध्याला पाठवलं. तो गेला, बघितलं, परत आला, आणि चार महिने नव्हे, आता जवळजवळ सहा महिने तोंडात बोळा कोंबलेला असूनही, तक्रारीचा सूर जराही न बदलता, त्याने पुन्हा तेच लिहिलं. घटक सापडला, पण तो दुसऱ्या घटकाखाली झाकला गेला आहे. तीनशे बारा वेळा.

साहेब आले. बॅग हातातच राहिली.

“हे कुणी केलं?”

“मी.”

“अकराला हॉस्पिटलचे लोक येतायत! हिरवं कर.”

“पेज दुरुस्त केलं की आपोआप होईल.”

“तो शब्द परत घाल.”

“घालतो. तुम्ही तसं लिहून द्या. खाली सही करा. कशासाठी घालायचा तेही लिहा.”

‘लिहून द्या’ म्हटलं की आमच्या ऑफिसात सगळ्यांना एकदम तहान लागते. रंगारी पाणी आणायला गेला. साहेब तिथेच उभे. मी माझ्या फोनची अक्षरं सगळ्यात मोठी केली, पेज उघडलं आणि त्यांच्या हातात दिला.

“तारीख पक्की करून दाखवा, साहेब. बस्स, एक बटण दाबायचंय.”

साहेबांनी बोटाने पेज वर सरकवलं. खाली सरकवलं. फोन आडवा केला, उभा केला. चष्मा कपाळावर चढवला, परत नाकावर घेतला. आसपासची टेबलं कामात असल्याचं दाखवत होती आणि एकाचाही कीबोर्ड वाजत नव्हता.

“बटण दिसत नाहीये,” साहेब म्हणाले.

“डोळे तपासून घ्या, साहेब,” मी म्हणालो. “चांगलं हॉस्पिटल आहे माहितीतलं. नंबर मात्र याच पेजवरून लावावा लागतो.”

साडेनऊला रंगाऱ्याने पेजच्या तळाला जागा सोडली. दहा मिनिटं लागली. पेजचा श्वास अडकला का, असं मी विचारलं, तर म्हणाला, उलट आता जास्त मोकळा वाटतोय. तीन सह्यांची आठवण कुणालाच झाली नाही. अकराला भिंत हिरवी होती, पाहुणे खूश झाले, बिस्किटं संपली. गेल्या सहा महिन्यांत गळालेल्या लोकांचं काय करायचं, हे मी त्या मीटिंगमध्ये विचारलं. त्यांना पुन्हा नाव नोंदवायची पूर्ण मुभा आहे, असं उत्तर मिळालं. शेपटापासून. माझं प्रशस्तिपत्र मी काढून टाकलं. भिंतीचा रंगही त्याच्याबरोबर निघाला.

डाव्या डोळ्याचा मेसेज आला तेव्हा मी मावशीकडे फिरकलो नाही. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. “दाबलं,” एवढंच म्हणाली आणि ठेवला.

ऑपरेशनच्या दिवशी पन्नासच्या पन्नास खुर्च्या भरल्या होत्या. लोक भिंतीला टेकून उभे होते. मावशीला तासभर जागा मिळाली नाही आणि तो तासभर ती मला, हॉस्पिटलला आणि खुर्च्या बनवणाऱ्याला बोल लावत होती. इतकं गोड मला तिचं बोलणं कधी वाटलं नव्हतं. शेवटी एका आजोबांनी सरकून तिला भिंतीकडेच्या बाकाच्या टोकाला जागा करून दिली. सुतार होते, हातावरून कळत होतं.

“पहिलाच डोळा का?” मावशीने विचारलं.

“पहिलाच. खरं तर मागेच तारीख मिळाली होती,” आजोबा म्हणाले. “पण ते पक्कं करायचं बटण काही मला दिसलं नाही. नाव गेलं. परत नोंदवलं. मधे करवतीखाली हे आलं.” त्यांनी डावा हात वर केला. अंगठ्याशेजारचं बोट अर्धं होतं. “चालायचंच. डोळेच गेलेले, बटण कुठून दिसणार?”

मावशीने माझ्याकडे पाहिलं. एक डोळा स्वच्छ, एक धूसर. स्वच्छ डोळा पुरेसा होता.

“सांग त्यांना,” ती म्हणाली.

मी त्यांच्यासमोर खाली उकिडवा बसलो आणि सांगितलं. सगळं सांगितलं, बॅनर, तो शब्द, शोध्याची तक्रार, माझं नावही. “आजोबा, त्यात तुमच्या डोळ्यांचा दोष नव्हता. बटण झाकलेलं होतं. ते मी लपू दिलं.”

आजोबांनी लक्ष देऊन ऐकलं. मग अर्ध्या बोटाच्या हाताने माझा खांदा थोपटला.

“मन मोठं आहे तुझं, पोरा,” ते म्हणाले. “म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेतोस. पण एवढ्या मोठ्या हॉस्पिटलचं पेज. रोज तपासत असतील की लोक. ते कसं चुकेल? डोळेच माझे.”

आतून त्यांच्या नावाचा पुकारा झाला. ते भिंत चाचपत उठले, आणि मी त्यांचा हात धरून त्यांना दारापर्यंत नेलं.